पट्टी हलली नाही, सवड मात्र गेली

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये कुठल्याही कामावर दोनदा क्लिक केलं की एक चौकट उघडते. तिच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पानावर ‘डेडलाइन’ असं लिहिलेला एक साधा रकाना आहे. त्यात एक तारीख टाका आणि ओके म्हणा. पडद्यावर त्या कामाच्या ओळीत एक छोटासा हिरवा बाण उगवतो, बस्स. कामांच्या पट्ट्या जिथे होत्या तिथेच राहतात. एकही काम एका दिवसानंही मागे किंवा पुढे सरकत नाही.

आणि तरी त्याच क्षणी वेळापत्रकाचा अर्थ पालटलेला असतो! मघापर्यंत निवांत असलेल्या निळ्या पट्ट्या लाल झालेल्या असतात. ज्या कामाला वीस दिवसांची सवड होती, त्याच्यासमोर आता उणे पाच लिहिलेलं असतं. इतकंच नाही, त्या कामाच्या कितीतरी आधी व्हायच्या असलेल्या, पार सुरुवातीच्या कामाचा आकडाही बदललेला असतो. तारीख टाकली मे महिन्यात आणि परिणाम दिसला फेब्रुवारीत. हे घडतं कसं?

समजून घ्यायचं तर एक छोटी इमारत उभी करून पाहू. कोकणातल्या एका गावात वाचनालय बांधायचंय अशी कल्पना करा. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर वासे-रिपा आणि मंगलोरी कौलं. काम 1 फेब्रुवारी 2026 ला सुरू होणार. रविवार-सणवार हिशेबातून वगळू, म्हणजे गणित सरळ राहील.

पहिलं काम पाया आणि जोतं, 40 दिवस. जोतं झालं की चिऱ्याच्या भिंती, 45 दिवस. भिंतींवर छप्पर, 40 दिवस. छप्पर झाल्यावर आतलं काम, म्हणजे गिलावा, फरशी, वायरिंग आणि रंग, 50 दिवस. ही झाली एक साखळी. दुसरी साखळी जोत्यापासूनच फुटते. जोतं झालं की खोल्यांची पक्की मापं मिळतात. त्यावरून पुस्तकांच्या पोलादी कपाटांचे नकाशे काढून मंजूर करायचे, 25 दिवस. मग कारखान्यात कपाटं बनणार, 130 दिवस. आतलं काम आणि कपाटं दोन्ही तयार झाली की कपाटं बसवायची आणि पुस्तकं लावायची, 20 दिवस.

सात कामं. आता सॉफ्टवेअर काय करतं पाहा.

ते आधी पुढच्या दिशेनं चालत जातं. पाया 12 मार्चला संपेल. म्हणून भिंती 13 मार्चला सुरू, 26 एप्रिलला पूर्ण. छप्पर 27 एप्रिल ते 5 जून. आतलं काम 25 जुलैपर्यंत. दुसरीकडे नकाशे 6 एप्रिलपर्यंत आणि कपाटं 14 ऑगस्टपर्यंत. मग बसवणी कधी सुरू होईल? जत्रेला जायला गावातल्या मंडळींनी एकच गाडी ठरवली असेल, तर गाडी सुटते ती शेवटचा माणूस आल्यावर. बाकीचे अर्धा तास आधी येऊन बसले म्हणून ती आधी सुटत नाही. इथेही तसंच. आतलं काम 25 जुलैलाच आटोपलं असलं तरी कपाटं 14 ऑगस्टला येणार, म्हणून बसवणी 15 ऑगस्टला सुरू आणि 3 सप्टेंबरला पूर्ण. या चालण्याला म्हणतात फॉरवर्ड पास, आणि त्याचा एकुलता एक नियम असा की आधीच्या कामांपैकी जे सर्वांत उशिरा संपेल त्याची तारीख धरायची.

इथपर्यंत नवल असं काही नाही, कुठलाही अनुभवी ठेकेदार हे बोटांवर मोजून सांगेल. नवल पुढे आहे. सॉफ्टवेअर आता वळतं आणि शेवटाकडून सुरुवातीकडे, काळाच्या उलट्या दिशेनं, चालू लागतं!

उलटं चालताना त्याचा प्रश्न वेगळा असतो: शेवटची तारीख बिघडू न देता हे काम जास्तीत जास्त किती उशिरा संपलं तरी चालेल? बसवणी 3 सप्टेंबरलाच संपायला हवी, म्हणजे ती 15 ऑगस्टला सुरू व्हायलाच हवी. मग कपाटं आणि आतलं काम, दोन्ही 14 ऑगस्टपर्यंत संपली तरी चालेल. आतलं काम 50 दिवसांचं, म्हणून छप्पर उशिरात उशिरा 25 जूनपर्यंत संपलं तरी चालेल. भिंती 16 मेपर्यंत. आणि पाया? पायाची वाट दोघं पाहताहेत, भिंती आणि नकाशे. भिंती म्हणतात, आम्हाला 1 एप्रिलपर्यंत पाया नाही मिळाला तरी निभेल. नकाशे म्हणतात, आम्हाला 12 मार्चलाच हवा. उलट्या वाटेवरचा नियम बरोबर उलटा असतो: ज्याची मागणी सर्वांत आधीची, त्याचं ऐकायचं. म्हणून पाया 12 मार्चलाच संपायला हवा.

झालं, आता प्रत्येक कामाला दोन तारखा मिळाल्या. एक, ते लवकरात लवकर कधी संपेल. दुसरी, ते उशिरात उशिरा कधी संपलं तर चालेल. दोहोंमधलं अंतर म्हणजे त्या कामाची सवड. सॉफ्टवेअर तिला टोटल स्लॅक म्हणतं, साइटवर बरेच जण फ्लोट म्हणतात. भिंती, छप्पर आणि आतलं काम यांना 20 दिवसांची सवड निघते. पाया, नकाशे, कपाटं, बसवणी यांना शून्य. सवड शून्य किंवा त्याहून कमी असलेली कामं सॉफ्टवेअर क्रिटिकल मानतं आणि ‘क्रिटिकल टास्क्स’वर टिचकी मारली की ती लाल रंगवतं. या लाल साखळीचं नाव क्रिटिकल पाथ. आपल्या वाचनालयाचा क्रिटिकल पाथ कारखान्यात बनणाऱ्या कपाटांतून जातो, बांधकामातून नाही! डोळ्यांसमोर रोज उभ्या राहणाऱ्या भिंतींना सवड आहे आणि दूर कुठेतरी बनत असलेल्या, कुणालाही न दिसणाऱ्या कपाटांवर सगळं अडलंय. पट्ट्यांचे तक्ते हेन्री गँटच्या काळापासून, म्हणजे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून वापरात होते. पण नुसत्या पट्ट्यांकडे बघून ही गोष्ट कळत नाही, ती या दुहेरी चालण्यातूनच बाहेर येते.

पुढे जाऊन मग उलटं यायचं, ही युक्ती फार जुनी नाही. 1956-57 च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूपाँट या रसायन कंपनीत मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या संगणक कंपनीचे जेम्स केली यांनी ती घडवली. हिशेबाला होता युनिव्हॅक, खोली भरून टाकणारा, निर्वात नळ्यांवर चालणारा संगणक. केंटकी राज्यातल्या लुईव्हिलच्या कारखान्यात दुरुस्तीसाठी यंत्रं बंद ठेवावी लागत, त्याला सरासरी 125 तास जात. या पद्धतीनं आखणी केल्यावर तो वेळ शंभर तासांच्या आत आला. सगळीच कामं घाईघाईनं उरकण्याऐवजी मोजक्या कामांवर जोर लावल्यानं ते जमलं. डिसेंबर 1959 मध्ये बोस्टनच्या संगणक परिषदेत दोघांनी ही पद्धत मांडली. पुढे 1961 मध्ये स्टॅनफर्डच्या जॉन फोंडाल यांनी हेच गणित संगणकाशिवाय, कागद-पेन्सिलीनं कसं करायचं ते दाखवलं. आपण आता केलं ते तसंच तर होतं.

आता डेडलाइनकडे येऊ.

आपल्या वेळापत्रकात छपराला 25 जूनपर्यंत सवड आहे. सॉफ्टवेअरनं ते अगदी चोख काढलंय, बेरीज-वजाबाकीत कुठेही चूक नाही. पण कोकणातल्या कुणालाही ही तारीख दाखवा. 25 जूनला कौलं चढवायची? मृग सात-आठ जूनला लागतो. तोवर वर कौलं नसतील तर उघड्या भिंतींवर पाणी, भिजलेले वासे, चिखलानं भरलेली खोली. सॉफ्टवेअरला कामं ठाऊक आहेत, त्यांचे दिवस ठाऊक आहेत, कुणामागून कोण हे ठाऊक आहे. पाऊस मात्र या सात कामांत कुठेच नाही. वीस दिवसांची सवड आहे हे त्याचं म्हणणं त्याच्यापुरतं खरंच आहे. त्या भरवशावर सुतारांना दुसऱ्या कामावर जाऊ दिलं तर काय होईल, ते सांगायला नको.

म्हणून आपण छपराच्या कामावर डेडलाइन टाकतो: 31 मे.

पट्ट्या हलत नाहीत. छप्पर अजूनही 27 एप्रिल ते 5 जूनच दाखवतं. का? कारण डेडलाइन पुढच्या दिशेच्या चालण्यात भागच घेत नाही. फॉरवर्ड पास विचारतो, काम कधी होऊ शकतं? आणि एखादी गोष्ट कधी हवी आहे यानं ती कधी होऊ शकते हे बदलत नाही. चिरा लावायला जितका वेळ लागतो तितका लागतोच. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. तारीख टाकणाऱ्याचं मन राखण्यासाठी सॉफ्टवेअर एक दिवसही खोटा दाखवत नाही.

डेडलाइन बोलते ती उलट्या वाटेवर. शेवटाकडून येताना छपराला आतलं काम सांगतं, ‘मला 25 जूनपर्यंत मोकळं कर.’ डेडलाइन सांगते, ‘31 मे.’ उलट्या वाटेचा नियम आठवा, सर्वांत आधीची मागणी जिंकते. छपराची उशिरात उशिरा तारीख 25 जूनवरून 31 मेवर येते. लवकरात लवकर ते संपणार होतं 5 जूनला. वजाबाकी करा: उणे पाच!

उणे सवड. या कल्पनेपाशी जरा थांबावंसं वाटतं. शून्य सवड म्हणजे आता एक दिवसही वाया घालवायला नाही, हे कळतं. पण उणे पाच म्हणजे? काम अजून सुरूही झालेलं नाही, फेब्रुवारीची पहिली तारीख आहे, एक चिराही रचलेला नाही, आणि तरी आपण पाच दिवस उशिरा आहोत! चार महिन्यांनी कळणारी गोष्ट आज कळली. सॉफ्टवेअर त्या ओळीच्या कडेला लाल चौकटीत एक उद्गारचिन्हही काढतं, पण खरी माहिती त्या आकड्यात आहे. किती दिवस कमी पडताहेत, हे तो नेमकं सांगतो.

आणि ती कमतरता तिथेच थांबत नाही, मागे मागे जात राहते. छप्पर 31 मेला संपायचं तर 22 एप्रिलला सुरू व्हायला हवं. म्हणजे भिंती 21 एप्रिलला संपायला हव्यात, त्या संपणार 26 ला. उणे पाच. भिंती 8 मार्चला सुरू व्हायला हव्यात, म्हणजे पाया 7 मार्चला संपायला हवा. कपाटांच्या नकाशांना पाया 12 मार्चला मिळाला तरी चालत होता, पण आता भिंतींची मागणी त्याहून आधीची झाली. म्हणून पायाही शून्यावरून उणे पाचवर. अशी ती तारीख मेमधून निघून फेब्रुवारीत पोहोचते.

बाकीच्या कामांचं काय? आतलं काम पाहा. छपरानंतरचं, छपरालाच जोडलेलं. त्याची सवड होती 20 आणि अजूनही 20 च आहे! नकाशे, कपाटं, बसवणी शून्यावर होती, शून्यावरच राहिली. डेडलाइनचा परिणाम फक्त मागे जातो, पुढे जात नाही. त्यामुळे आता पडद्यावर एक विलक्षण चित्र दिसतं. एक लाल साखळी पायापासून कपाटांतून थेट शेवटपर्यंत गेलेली. दुसरी लाल साखळी पायापासून भिंती, छप्पर अशी निघून छपराशी एकदम संपलेली. तिच्या पुढचं काम निवांत निळं.

क्रिटिकल पाथची जी व्याख्या आपण शिकतो, ती म्हणते की सुरुवातीपासून शेवटपर्यंतची सर्वांत लांब साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. मग ही मध्येच संपणारी साखळी कोण? ती सर्वांत लांब नाही. ती शेवटापर्यंत जातसुद्धा नाही. तरीही प्रकल्पातली सर्वांत अडचणीतली कामं तिच्यावरच आहेत, कारण कपाटांची सवड शून्य आणि भिंतींची उणे पाच. म्हणजे ‘क्रिटिकल’ या शिक्क्यात दोन निरनिराळ्या गोष्टी गुंतलेल्या होत्या. एक, कोणती कामं शेवटची तारीख ठरवतात. दुसरी, कोणत्या कामांना सर्वांत कमी सवड आहे. डेडलाइन नसते तोवर दोन्हींचं उत्तर एकच येतं, म्हणून त्या दोन आहेत हे आपल्या लक्षातही येत नाही. एक तारीख टाकली आणि त्या वेगळ्या झाल्या.

गंमत अशी की हे दुपेडीपण या शास्त्राच्या जन्मापासूनच होतं. ड्यूपाँटमध्ये केली आणि वॉकर हिशेब करत होते, जवळपास त्याच सुमारास अमेरिकेच्या नौदलात पोलारिस या पाणबुडीतून सोडायच्या क्षेपणास्त्रासाठी दुसरी एक पद्धत आकाराला येत होती. 1958 मध्ये पुढे आलेली ही पर्ट पद्धत. तिथे गरज वेगळी होती. क्षेपणास्त्र कधी तयार व्हायला हवं ते वरून सांगितलेलं असे. म्हणून पर्टमध्ये उलटं चालणं हिशेबातून निघालेल्या शेवटापासून सुरू न करता त्या ठरवून दिलेल्या तारखेपासून सुरू करता येई. साहजिकच तिथे सवड उणे निघू शके, आणि सर्वांत कमी सवडीची साखळी ती क्रिटिकल, अशी तिथली रीत. 20 जुलै 1960 ला ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ या पाणबुडीनं पाण्याखालून पोलारिस डागलं. आज मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये कुठल्याही मधल्या कामावर डेडलाइन टाकता येते, ही सोय 2000 सालच्या आवृत्तीत आली. ती टाकताना आपण ड्यूपाँटच्या गणितात नौदलाचं गणित मिसळत असतो.

आता कुणी म्हणेल, डेडलाइन नुसती आकडे बदलते, पट्टी हलवत नाही, मग सरळ पट्टीच हलवून का टाकू नये? त्याच ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पानावर तीही सोय आहे. ‘मस्ट फिनिश ऑन’ हे बंधन निवडा आणि 31 मे लिहा. छप्पर लगेच 31 मेला संपलेलं दिसेल!

पण जरा जवळ जाऊन बघा. 40 दिवसांचं छप्पर 31 मेला संपवायला सॉफ्टवेअरनं ते 22 एप्रिलला सुरू केलं. भिंती मात्र अजून 26 एप्रिललाच संपताहेत. म्हणजे भिंतींचे शेवटचे पाच दिवस सुतार वासे चढवताहेत, आणि वासे टेकायचे त्या भिंती पूर्ण व्हायच्याच आहेत! मूळ सेटिंगमध्ये सॉफ्टवेअर बंधनाची तारीख कामांच्या क्रमापेक्षा वरचढ मानतं, म्हणून असं घडतं. याहून वाईट म्हणजे त्यानंतरची कामं आता या 31 मेला धरून चालतात. आतलं काम 1 जूनला सुरू होईल असं रंगाऱ्याला, वायरमनला सांगितलं जाईल. मागच्या भिंतींपुढे उणे पाच दिसत असतं, पण सवडीचा रकाना उघडून बघतो कोण? समोरच्या चित्रात तर सगळं वेळेत आहे. डेडलाइननं हे केलं नव्हतं. तिनं 5 जून हे 5 जूनच ठेवलं आणि पाच दिवस कमी पडतात हे वर सांगितलं.

डेडलाइन पट्टी हलवत नाही, या नियमाला एक अपवाद आहे आणि तो कळला की सगळं गणित पक्कं बसतं. एखाद्या कामाला ‘अ‍ॅज लेट अ‍ॅज पॉसिबल’, म्हणजे जमेल तितक्या उशिरा, असं सांगून ठेवलं असेल तर ते काम उशिरात उशिराच्या तारखेवर जाऊन बसतं. ती तारीख उलट्या वाटेवरून येते आणि उलट्या वाटेवर डेडलाइनचा अंमल चालतो. म्हणून असं काम डेडलाइन टाकताच उचलून तिच्यापाशी आणलं जातं, मागच्या कामांनी वाट दिली तर. अपवाद दिसतो खरा, पण निघतो त्याच नियमातून.

प्रायमाव्हेरा हे सॉफ्टवेअर मोठ्या बांधकामांत खूप वापरलं जातं. तिथे अख्ख्या प्रकल्पाला ‘मस्ट फिनिश बाय’ अशी तारीख देता येते, आणि ती दिली की काय होतं पाहा. 2026 मध्ये गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे. मुंबईचे चाकरमानी गावात असताना वाचनालय उघडायचं, म्हणून आपण 13 सप्टेंबर ही तारीख दिली. उलटं चालणं आता 3 ऐवजी 13 सप्टेंबरपासून सुरू होतं. कपाटांच्या साखळीला एकाएकी दहा दिवसांची सवड मिळते आणि तिचा लाल रंग जातो. छपरावर ‘फिनिश ऑन ऑर बिफोर’ हे बंधन असेल, जे प्रायमाव्हेरात आपल्या डेडलाइनसारखंच फक्त उलट्या वाटेवर काम करतं, तर पडद्यावर लाल उरतात ती फक्त पाया, भिंती आणि छप्पर. शेवटापर्यंत पोहोचणारी लाल साखळी एकही नाही! म्हणूनच तिथे क्रिटिकल म्हणजे काय हे निवडायची सोय ठेवली आहे: सवडीवरून ठरवा, किंवा ‘लाँगेस्ट पाथ’, म्हणजे शेवटची तारीख खरोखर ज्यांच्यामुळे ठरते ती साखळी दाखवा. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्येही 2013 पासून ‘टास्क पाथ’ आहे. एखाद्या कामावर उभं राहून ‘ड्रायव्हिंग प्रिडिसेसर्स’ निवडलं की त्या कामाला पुढे ढकलणारी मागची कामं उजळतात, त्यांची सवड काहीही असो. डेडलाइन टाकलेल्या वेळापत्रकात लाल रंग आणि हा उजेड, दोन्ही बघावेत असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. एक सांगतो कुणाला त्रास आहे, दुसरा सांगतो कुणामुळे.

मग ते पाच दिवस आणायचे कुठून?

आकडे नसते तर आपण सगळ्यांवरच ओरडलो असतो. कारखान्याला रोज फोन, रंगाऱ्याला तंबी. पण उणे पाच फक्त तीन कामांपुढे आहे. कपाटं महिनाभर आधी आली तरी कौलं एक दिवसही आधी चढणार नाहीत. केली आणि वॉकर यांचा मूळ प्रश्न हाच होता: कोणतं काम किती पैसे टाकून किती दिवसांनी कमी करता येईल आणि सर्वांत स्वस्तात दिवस कुठे मिळतील? त्यासाठी त्यांनी प्रत्येक कामाचा नेहमीचा वेळ आणि खर्च, घाई केल्यावरचा वेळ आणि खर्च, असे आकडे युनिव्हॅकला दिले होते.

वाचनालयात हा हिशेब असा दिसतो. जास्त माणसं लावून पाया 35 दिवसांत केला तर छप्पर 31 मेला होतं, आणि पायावर कपाटांची साखळीही उभी असल्यानं अख्खा प्रकल्प 29 ऑगस्टला संपतो. तेच पाच दिवस भिंतींत वाचवले तर छप्पर वेळेत होतं, पण शेवट 3 सप्टेंबरच राहतो. पायातले पाच दिवस दोन्ही साखळ्यांना मिळतात, भिंतींतले एकाच साखळीला. मग पायासाठी थोडे जास्त पैसे गेले तरी परवडतात का? हा प्रश्न आता नेमका विचारता येतो, कारण दोन्हीकडे काय मिळतं ते समोर आहे.

तिसरी वाट मला सर्वांत आवडते. भिंती एका अंगानं आधी पूर्ण करायच्या आणि त्या बाजूनं छप्पर पाच दिवस आधी सुरू करायचं. सॉफ्टवेअरमध्ये भिंती आणि छप्पर यांच्यातल्या जोडणीत उणे पाच दिवस लिहायचे. छप्पर 22 एप्रिलला सुरू, 31 मेला पूर्ण, सवड शून्य. पडद्यावरच्या या दोन पट्ट्या ‘मस्ट फिनिश ऑन’नं दाखवल्या होत्या अगदी तशाच दिसतात, एका दिवसाचाही फरक नाही. फरक इतकाच की या वेळी 21 एप्रिलपर्यंत दक्षिणेकडच्या भिंती आढ्यापर्यंत न्यायच्या हे गवंड्याशी बोलून ठरलेलं आहे, आणि त्यासाठी चिऱ्यांची पहिली खेप त्याच बाजूला उतरवून घ्यायची आहे.